पोझिशन पाठवताना टिंब कुठे देता?



गेल्या मोसमात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरचं इंजिन समुद्रात बंद पडलं. तांडेलाने जीपीएसवरचे आकडे वायरलेसवर सांगितले, किनाऱ्यावर कोणीतरी ते मोबाईलच्या मॅपमध्ये टाकले आणि ओढून आणायला गेलेली बोट भलतीकडेच पोचली. आकडे सगळे बरोबर होते, टिंब चुकलं होतं.

समजा बोटीवरचं मशीन दाखवतं: १५ डिग्री २४.५ मिनिटं उत्तर, ७३ डिग्री ३८.२ मिनिटं पूर्व. ही जागा मुरगावच्या पश्चिमेला आठ-नऊ सागरी मैलांवर आहे. घाईत आपण मोबाईलवर टाकतो १५.२४५ आणि ७३.३८२. मोबाईलला वाटतं टिंबापुढचा आकडा डिग्रीचाच भाग आहे. पण एका डिग्रीत मिनिटं असतात ६०, शंभर नव्हे. त्यामुळे १५.२४५ चे होतात १५ डिग्री १४.७ मिनिटं. उत्तर-दक्षिण एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे इथेच दहा मैल दक्षिणेला गेलो. पश्चिमेला आणखी पंधराएक मैल. सरळ रेषेत जवळजवळ ३३ किलोमीटरची चूक! बोटीत पाणी भरत असेल तर काय होईल ते तुम्हीच बघा.

हिशेब सोपा आहे. मिनिटांना ६० ने भागायचं. २४.५ भागिले ६० म्हणजे ०.४०८३, म्हणून मोबाईलवर १५.४०८३. तसंच ७३.६३६७. भागाकार नको असेल तर डिग्री आणि मिनिटांमध्ये टिंब न देता मोकळी जागा सोडा: १५ २४.५, ७३ ३८.२. गूगल मॅपला हे बरोबर कळतं. मेसेजमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाका.

काही मशीन सेकंद दाखवतात. १५ २४ ३० म्हणजे साडेचोवीस मिनिटं, २४.३० नव्हे. फरक ३७० मीटरचा. दिवसा चालून जाईल, रात्री तुटलेलं जाळं शोधताना नाही.

उत्तरेचा आकडा नेहमी आधी. उलटे टाकलेत तर मॅप तुम्हाला नॉर्वेच्याही वर नेऊन सोडेल. हसू नका, आमच्याकडून झालंय.

तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर सांगताना भागाकार करत बसू नका. मशीनवर दिसतं तसंच, "डिग्री", "मिनिट" हे शब्द उच्चारून सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या.