महापौर होती, पण देशाच्या कारभारात मत नव्हतं

आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी मतदान केलं. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात मात्र बायकांना देशपातळीवर मत मिळालं ते १९७१ साली! तिथल्या लीझ जिरार्दँ या बाईंची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

इतका उशीर का झाला? तिथे राज्यघटना बदलायची तर जनतेचा कौल घ्यावा लागतो. आणि कौल देणार कोण? तर फक्त पुरुष! १९५९ साली त्यांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या सुमारे ६७ जणांनी ‘नको’ म्हटलं.

पण तिथल्या प्रत्येक राज्याला आपापल्या कारभारापुरता वेगळा निर्णय घेता येत होता. जिनिव्हा राज्याने १९६० साली बायकांना मत दिलं. पुढच्याच वर्षी लीझबाई राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या. त्या रॅडिकल पक्षाच्या. १९६७ मध्ये जिनिव्हा शहराचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळावर त्या गेल्या. या पाच जणांत महापौरपद वर्षावर्षाने फिरतं. १९६८ मध्ये ते लीझबाईंकडे आलं. स्वित्झर्लंडमधल्या त्या पहिल्या महिला महापौर.

गंमत बघा, एवढ्या मोठ्या शहराची महापौर, पण देशाच्या संसदेसाठी तिला मत देता येत नव्हतं!

७ फेब्रुवारी १९७१ ला पुन्हा कौल घेतला. या वेळी शंभरातल्या सुमारे ६६ पुरुषांनी ‘हो’ म्हटलं. त्याच वर्षी लीझबाई संसदेच्या वरच्या सभागृहात गेल्या. ४४ सदस्यांत बाई एकटी. गर्भपात करणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवू नये, ही बाजूही त्यांनी घेतली.

मत मिळालं म्हणून सगळं लगेच बदललं नाही. नवरा हाच कुटुंबप्रमुख, असं तिथला कायदा म्हणत होता. तो बदलून नवीन कायदा लागू झाला १९८८ मध्ये. पण त्यासाठी १९८५ साली जो कौल घेतला, त्यात बायकांचीही मतं होती.

म्हणून आम्हाला वाटतं, हक्काची सुरुवात जवळच्या कारभारापासून होते. लीझबाईंनी उघडलेल्या पहिल्या दारातून आत पाऊल टाकलं, पुढच्या दाराची वाट बघत त्या बाहेर थांबल्या नाहीत. आपल्याकडे ग्रामसभेचं दार उघडंच आहे. पुढच्या सभेला गटातल्या सगळ्याजणी मिळून जाऊ या, आणि नुसत्या सही करून परत न येता बोलू या.