दव, पौर्णिमा आणि मोकळ्या मैदानातलं गाणं

अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सव मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणजे दिवाळीनंतर दीडेक महिन्यानं. तोवर कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात आणि रात्री गोधडीशिवाय भागत नाही. जालन्याहून अंबड तीस किलोमीटरच्या आत, एसटीनं तासाभरात पोचता येतं. बाहेरच्यांना हे गाव माहीत असतं ते मत्स्योदरी देवीच्या डोंगरासाठी. गाण्याच्या जगात मात्र अंबड म्हटलं की आठवतो हा महोत्सव आणि संगीताचार्य गोविंदराव जळगावकर. शास्त्रीय संगीत म्हणजे पुण्या-मुंबईचा कारभार, असं समजणाऱ्यांनी एकदा तरी ही वारी करावी.

तालुक्याच्या गावातलं गाणं मला मोलाचं वाटतं ते तिथल्या कमी अंतरामुळं. गवयानं समेवर येताना तबलजीकडे टाकलेली नजर तुम्हाला पडद्यावर नव्हे, डोळ्यांनी दिसते. शेजारी बसलेला माणूस कालपर्यंत अनोळखी असतो, आज एकाच जागेला दोघांची मान हलते. शहरात हजारोंच्या मांडवात गाणं चांगलंच होतं, पण ते लांबून येतं.

हाच जवळिकीचा शोध अलीकडे शहरातली तरुण मुलं वेगळ्या वाटेनं घेताहेत. सिनेमाचा आधार न घेता, कंपनीच्या दारात न ताटकळता, स्वतःची गाणी स्वतः बांधणारे वादक-गायक आणि त्यांचे उघड्यावरचे महोत्सव यांचं वेड वाढतं आहे. त्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात 1978 पासून जॅझ यात्रा भरली आणि 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजू लागलं. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमामुळं तिथलं संगीत थांबलं. पुण्यात 2010 साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला आणि बघता बघता अवाढव्य झाला. छोटेपण जपण्याच्या बाबतीत मला अधिक भावतो तो अरुणाचलमधला झिरो महोत्सव. 2012 पासून सप्टेंबरअखेर भातशेतांच्या खोऱ्यात तो भरतो आणि त्याचे मंच स्थानिक अपातानी लोक बांबूचे बांधतात. गावानं गाण्याला जागा दिली आणि गाण्यानं गावाचं रूप घेतलं!

पण मराठवाड्यातल्या माणसानं यासाठी झिरोपर्यंत जायची गरज नाही. आंबेडकरी जलसे आणि गायनपार्ट्या हे आपल्या मातीतलं पक्कं स्वतंत्र संगीत आहे. वामनदादा कर्डकांनी (1922–2004) हजारो गाणी रचली, गावोगाव फिरून उघड्या मंचावर गायली. त्यासाठी ना सिनेमाची गरज, ना मोठ्या कंपनीची. 14 एप्रिलला कुठल्याही गावच्या वस्तीत जा, नाहीतर 14 जानेवारीला नामविस्तार दिनी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर जा. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, ढोलकी, आणि गाण्यातला प्रत्येक शब्द तोंडपाठ असलेले श्रोते. इंडी म्हणजे स्वतंत्र संगीताच्या चर्चेत या परंपरेचं नावही निघत नाही, याची मला खंत वाटते. खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

आता थोडं उघड्यावरच्या आवाजाविषयी. सभागृहात भिंती आवाज परतवतात, मैदानात तो सुटला की गेलाच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. शिवाय तो सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणून मंचापासून 34 मीटरवर बसलेल्याला तबल्यावरची थाप दिसते आधी आणि ऐकू येते सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा. पुढं सरकून बसा, असं म्हणतात ते उगाच नाही.

थंडीत वाद्यांचं तर वेगळंच प्रकरण. दव पडू लागलं की तबल्याची पुडी ओलावा धरते, सैल पडते आणि स्वर उतरतो. तबलजी हातोडीनं गट्टे खाली ठोकतो, मग गजऱ्यावर एकेक घाव घालत, बोटानं चाटेवर तपासत पुडी चहूबाजूंनी सारखी करतो. तानपुऱ्याचं उलटं असतं. गारठ्यानं तार आखडून स्वर चढतो, आणि मंचावरच्या दिव्यांची ऊब लागली की परत उतरतो. बंद दालनात ही खटपट थोडक्यात आटोपते, मैदानात ती सतत चालू राहते. जुळवाजुळव चालू असताना गप्पा मारू नयेत. आजचा ‘सा’ कुठं ठरतोय ते कानांना तेव्हाच कळतं.

रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरची उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरच्या शिवारात ऐकू जातो. भजनाचे सूर पलीकडच्या गावात पोचतात ते यामुळं आणि लाऊडस्पीकरचा जाच वाढतो तोही यामुळंच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आजाऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला झोप-शांतता हवीच, नियम योग्य आहे. मात्र रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यात गेल्या आणि उत्तररात्रीचा ललत राग ललतच्या वेळी ऐकणं दुर्मिळ झालं.

यावर उपाय आहे. जालन्यात, परतूरला किंवा भोकरदनला कुणाला असा महोत्सव भरवायचा असेल, तर पौष-माघात दुपारी चारला सुरू करावा. भीमपलासी आणि मुलतानीची तीच वेळ. सूर्य कलला की मारवा, पूरिया; दिवेलागणीला यमन; मग गावातल्या शाहिराचा तासभर आणि एखाद्या तरुण बँडचा तासभर. बागेश्रीनं दहाच्या आत शेवट करावा. सतरंजीवरचे दोनशे श्रोते पुरेत. परगावच्या पाहुण्यांची जेवणं-झोपणं घरोघर वाटून घ्यावीत आणि परवानगीचा अर्ज महिनाभर आधी पोलीस ठाण्यात द्यावा.