कम्फर्ट की स्पोर्ट? बटण दाबल्यावर शॉकअपमध्ये काय होतं

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मनीषनगरातून आज थोडं गाडीबद्दल. आमच्या घरी गाडी बदलायची आहे. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि मागच्या सीटवर तेच बसणार. शोरूममध्ये सांगतात, वरचं व्हेरिएंट घ्या, बटणावर सस्पेन्शन मऊ होतं. पैसे बरेच जास्त लागतात, म्हणून आधी समजून घेऊ की हे बटण नेमकं काय करतं.

स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप, म्हणजे डॅम्पर, स्प्रिंगचं झुलणं थांबवतो. त्याच्या आत तेल असतं, तेलात पिस्टन आणि पिस्टनला बारीक भोकं नि झडपा. चाक वर-खाली झालं की तेल त्यातून ढकललं जातं आणि झुलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. वाट मोठी असेल तर शॉकअप मऊ, अरुंद असेल तर कडक. बटण ही वाट बदलतं, बस. साध्या स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग तीच राहते, उंचीही तीच.

मऊ म्हणजे आराम? नेहमी नाही

समजा एका चाकावर ४०० किलो भार आहे आणि स्प्रिंगचा ताठरपणा मीटरला २५,००० न्यूटन आहे. अशी बॉडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा झुलते. गणित असं सांगतं, की झटके याच्या १.४ पटीपेक्षा हळू येत असतील, म्हणजे सेकंदाला पावणेदोनपेक्षा कमी, तर कडक शॉकअप बरा. त्याहून भरभर येत असतील तर मऊ बरा, कारण कडक शॉकअप चाकाची थरथर सरळ बॉडीत पोचवतो.

आता हे रस्त्यावर आणू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किमीसाठी. तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. हा हळू झटका. इथे शॉकअप फार मऊ असेल तर ब्रेकर मागे गेल्यावरही गाडी डुलत राहते. कॉलनीतले सगळे ब्रेकर या मापाचे नसतात, ते सोडा. उलट ३० सेंटिमीटर अंतरावरच्या पट्ट्यांवरून ताशी १२ किमीने गेलात तर सेकंदाला ११ दणके बसतात. इथे मऊ हवा.

समृद्धी महामार्ग घ्या. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात असं धरलं, तर ताशी १२० ला सेकंदाला सात-साडेसात ठोके होतात. आणि बसलेल्या माणसाला उभी थरथर सगळ्यात जास्त जाणवते ती सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात! म्हणजे सांध्यांसाठी मऊ पाहिजे. पण त्याच वेगात लेन बदलताना गाडी झुकू नये म्हणून कडक पाहिजे. एकाच रस्त्यावर दोन्ही.

तीन प्रकार

पहिला, एकच सेटिंग. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या यातल्या.

दुसरा, झटक्याच्या वेगाप्रमाणे झडप आपोआप बदलते. हे पूर्ण यांत्रिक आहे, बटण नाही. स्कॉर्पिओ-एन आणि हॅरियर ईव्हीमध्ये हे मिळतं.

तिसरा, इलेक्ट्रॉनिक. टोयोटाने १९८३ मध्येच सोअररमध्ये असं काही दिलं होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तर चुंबकाने घट्ट होणारं तेल आलं. आज स्कोडा सुपर्बमध्ये आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६, एक्सईव्ही ९ई मध्ये सेन्सरवर चालणारे डॅम्पर मिळतात. कुठल्या व्हेरिएंटमध्ये, ते पत्रकात नीट बघा.

यामागचा विचार १९७४ चा, 'स्कायहूक' नावाचा. गाडी जणू आभाळाला टांगली आहे असं वागायचं. कोडवाल्यांसाठी सांगतो, हे साधं इफ-एल्स आहे. बॉडी वर जातेय आणि शॉकअप ताणला जातोय? कडक कर. बॉडी वर जातेय पण शॉकअप दबतोय? मऊ कर. बॉडी खाली येत असेल तर याच्या उलट. हे सेकंदात अनेकदा चालतं. बटणाने फक्त एकूण कल ठरतो.

शोरूममध्ये काय विचारायचं

- स्पोर्ट मोडने शॉकअप खरंच बदलतो का? पुष्कळ गाड्यांत फक्त ॲक्सिलरेटर, गिअर आणि स्टिअरिंग बदलतं.
- वरच्या व्हेरिएंटची चाकं किती इंची? चाक मोठं झालं की टायरची भिंत बारीक होते आणि दणका वाढतो. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं.
- वॉरंटीनंतर एक इलेक्ट्रॉनिक शॉकअप बदलायला किती खर्च येईल?

टेस्ट ड्राइव्हला एकच रस्ता, तोच वेग, प्रत्येक मोडमध्ये एक फेरी. म्युझिक बंद. टायरची हवा आधी तपासा, जास्त हवा असेल तर कुठलाही मोड कडकच वाटेल. आणि गाडी चालवणाऱ्याचं मत घेऊ नका, मागे बसणाऱ्याचं घ्या.

आमच्या घरी म्हणून ठरलं असं: नुसत्या बटणासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत. स्वतः रस्ता ओळखणारी सिस्टीम असेल तर आधी बाबा मागे बसून वर्धा रोडला जाऊन येतील, आणि त्यांना फरक जाणवला तरच वरचं व्हेरिएंट. छोट्या चाकांची खालची गाडी त्यांच्या कमरेला तेवढीच बरी वाटली, तर तीच घेऊ.

तुमच्या गाडीत असा मोड असेल तर मागच्या सीटवरचा अनुभव नक्की कळवा. पुढच्या भागात टायरबद्दल बोलू. भेटू!