उसण की मणक्याचे फ्रॅक्चर? ज्येष्ठांना ऑपरेशन कधी लागते?

बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यांचे जिने अरुंद आणि उभे. ते रोज चढणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेलेही असतात. पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली, की ‘उसण भरली’ म्हणत शेक आणि मालीश सुरू होते. पण हाडे ठिसूळ झाली असतील, तर ती कळ मणका पिचल्याचीही असू शकते. अशा वेळी मालीश नको, आधी एक्स-रे काढावा.

मणका कशाने पिचतो?
ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाच्या आतली जाळी विरळ होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना हा धोका अधिक. मग पडायचीही गरज नसते. वाकणे किंवा जोराचा खोकलाही पुरतो. मणका चेपतो, पाठीला पोक येते, उंची घटते.

प्रत्येकाला ऑपरेशन लागते?
नाही. वेदनाशामक औषधे, थोडे दिवस आराम आणि गरजेपुरता पट्टा यांनी बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. मात्र फार दिवस झोपून राहिल्यास हाडे आणि स्नायू आणखी कमजोर होतात.

मणक्यात सिमेंट भरणे म्हणजे काय?
व्हर्टिब्रोप्लास्टीत सुईवाटे मणक्यात बोन सिमेंट सोडतात. कायफोप्लास्टीत आधी फुग्याने जागा करतात. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत व्हर्टिब्रोप्लास्टी आणि सिमेंट न भरता केलेली नुसती नक्कल यांत फरक दिसला नाही. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदनेच्या रुग्णांना फायदा झाला. २०१८ च्या नेदरलँड्समधील चाचणीत पुन्हा फरक आढळला नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: एमआरआयमध्ये फ्रॅक्चर ताजे दिसते का? दुखणे त्याच मणक्याचे आहे का?

तातडी कधी?
पायातली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे. नसांवर दाब असेल, तर तो काढून स्क्रू आणि रॉडने मणके स्थिर करावे लागू शकतात. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होण्याची भीती असते.

एवढ्याने उपचार संपतो?
इथेच चूक होते. एक मणका पिचल्यावर वर्षभरात पुन्हा मणका पिचण्याचे प्रमाण पाचातील एक इतके आढळले आहे. सिमेंटमुळे बाकीची हाडे बळकट होत नाहीत. त्यासाठी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हाडांचे औषध हवे. काही रुग्णांना वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. आणि जिन्याला पक्का कठडा, भरपूर उजेडाचा दिवा हवाच.