डोळ्याला दिसतं, मग कॅमेऱ्याला का दिसत नाही?

आजचा विषय छोटा आहे, पण त्याच्यापायी चांगल्या दुर्बिणी कपाटात जाऊन पडतात. शाळा किंवा हौशी मंडळी वर्गणी काढून दुर्बीण घेतात. आयपीसमधून शनीची कडी दिसतात, मुलं हरखतात. मग कोणीतरी म्हणतं, आता कॅमेरा लावू. लावला, की पडद्यावर एक तर काळोख, नाही तर धुरकट गोळा. चाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झाली की निकाल लागतो : माल खराब आहे. बहुतेक वेळा माल खराब नसतो.

आधी फोकस म्हणजे काय ते बघू. ताऱ्याकडून येणारे किरण समांतर असतात. दुर्बिणीचा आरसा ते एका ठरावीक अंतरावर एकत्र आणतो. ही जागा आरसा ठरवतो, आपण नाही. चाकी फिरवून आपण फक्त आयपीस किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर त्या जागेकडे नेतो. म्हणजे फोकस हा सगळा जागेचा प्रश्न आहे.

मग डोळ्याला कसं दिसलं? न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाची सुरुवात इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षापासून होते. आपल्या डोळ्याचं भिंग मात्र तिथं एक काम गुपचूप करून टाकतं. थोडा फोकस चुकला तर ते स्वतःचा आकार बदलून सांभाळून घेतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ही सोय नाही. चूक असेल तेवढी तो दाखवतो. शिवाय आयपीस आणि सेन्सर यांची बसायची जागाही वेगळी असते. म्हणून डोळ्यानं जमवलेला फोकस कॅमेऱ्याला चालेल असं धरून चालू नये.

आता आकडे घेऊ. बाजारात सर्रास मिळणारी दुर्बीण म्हणजे १३० मिलिमीटरचा आरसा आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतर. तिला लग्नाचे फोटो काढतात तसला मोठा कॅमेरा लावला, तर त्याचा सेन्सर तोंडापासून खूप आत असतो : कॅननमध्ये ४४, निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर. जोडणारी कडी धरली तर साधारण ५५. फोकसची नळी पूर्ण आत ढकलली तरी सेन्सर योग्य जागेच्या बाहेरच राहतो.

हे ओळखायचं कसं? फोकस नसलेला तारा आरशाच्या दुर्बिणीत मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये काळं भोक. ते भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. चाकी आत नेताना वडा लहान लहान होत गेला आणि लहान होता होताच चाकी अडली, तर समजावं की सेन्सर अजून आत जायला हवा. उपाय तीन. सव्वा इंची भोकात आयपीससारखा बसणारा छोटा कॅमेरा घ्यावा, त्याचा सेन्सर तोंडाजवळ असतो. किंवा मध्ये बार्लो भिंग लावावं, ते फोकसची जागा बाहेर ढकलतं. किंवा लांब स्क्रू वापरून मुख्य आरसा थोडा पुढे घ्यावा, पण मग आरसे पुन्हा एका रेषेत आणावे लागतात, म्हणून हे शेवटी.

भिंगाच्या दुर्बिणीत उलटा प्रकार होतो. तिथला काटकोनी आरसा काढून कॅमेरा थेट लावला, की प्रकाशाची तेवढी वाट कमी होते. ती लांबी जोडनळी लावून भरून काढावी लागते.

सुरुवात दिवसा करावी. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही न्यायची नाही, सूर्य पाठीशी असू द्या. राजूरच्या टेकडीवरचं गणपतीचं देऊळ, अंबडची मत्स्योदरीची टेकडी किंवा लांबचा मोबाइल टॉवर चालेल. एक किलोमीटरवरच्या वस्तूवर फोकस जमला, तर आपल्या ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तारा तिथून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आत सापडतो. नळीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

रात्री आधी चंद्र घ्या. फोकस नसला तरी त्याच्या उजेडानं पडदा पांढरा होतो, म्हणजे निदान दिशा बरोबर आहे हे कळतं. मग व्याध किंवा रोहिणीसारखा ठळक तारा. इथं बाख्तिनोव्ह यांची जाळी कामाला येते. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकानं ती २००५ साली सुचवली. दुर्बिणीच्या तोंडावर लावली की ताऱ्यातून तीन रेघा निघतात. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली, की फोकस झाला. नंतर जाळी आठवणीनं काढा.

जमलेला फोकस रात्रभर टिकत नाही. या दुर्बिणीत चूक खपते ती मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढी, म्हणजे केसाच्या जाडीइतकी. हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तापमान १५ अंशांनी उतरलं, तर ॲल्युमिनियमची तेवढीच नळी साधारण ०.२२ मिलिमीटर आकसते. खपणाऱ्या चुकीच्या तिप्पट! म्हणून दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवा आणि मध्येमध्ये फोकस तपासा.

हे सगळं आधी का करायचं? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणं घेऊन गेले होते. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत कोणी फोकस शोधत बसत नाही, तो आधीच बसवून ठेवावा लागतो.

आणि सगळंच फोकसनं सुटत नाही, हेही लक्षात असू द्या. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. फोकस कुठंही नेला तरी सगळे किरण एकत्र येईनात. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची उपकरणं बसवली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. आपल्याकडे जाळीच्या रेघा बरोबर असूनही चित्र धूसर असेल, तर आरसे रेषेत आहेत का बघा. चित्र पाण्यासारखं थरथरत असेल, तर दोष हवेचा आहे, चाकीला हात लावू नका.

तेव्हा कोणाच्या शाळेत दुर्बीण कपाटात असेल, तर परत करण्याआधी एवढंच बघा : वडा लहान होत होता का, आणि चाकी कुठल्या टोकाला अडली?