मचूळ पाण्यात फेसणारी वडी

उन्हं तापायला लागली की घिवलीतल्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. डाळ लवकर शिजत नाही, चहाची चव उतरते आणि साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही. बादलीच्या कडेला मात्र पांढुरकी, चिकट कीट बसते. अशाच एका मे महिन्यात मी न्हाणीघरात नवी वडी काढली. जावेने दिवाळीला दिलेली, घरी केलेली, नुसत्या खोबरेल तेलाची. ओल्या हातावर दोनदा फिरवली आणि त्याच मचूळ पाण्यात दाट, पांढराशुभ्र फेस उभा राहिला. मी कितीतरी वेळ हाताकडे बघत बसले.

"काय घातलंस गं यात?" मी विचारलं.

"काय घालणार? खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा."

तीनच वस्तू. त्यातलं खोबरेल माडावरून आलं. आणि कॉस्टिक सोडा? तो येतो मिठापासून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि हायड्रोजन वायू वेगळे होतात आणि मागे कॉस्टिक सोड्याचं द्रावण उरतं. म्हणजे साबण हा मूळचा माडाचा आणि मिठाचा. आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर माडही आहेत आणि मिठागरंही. आयुष्यभर या दोन्हींच्या मध्ये राहून मला त्यांचं हे नातं ठाऊक नव्हतं.

तेलाचा एक रेणू मनात आणा. ग्लिसरीनची एक छोटीशी दांडी आणि तिला टांगलेल्या तीन लांब शेपट्या. कॉस्टिक सोडा या शेपट्या दांडीपासून सोडवतो. सुटलेल्या प्रत्येक शेपटीच्या टोकाला सोडियम येऊन बसतो आणि साबणाचे तीन रेणू तयार होतात. ग्लिसरीन सुटं होऊन त्यांच्यातच राहतं. गावाच्या शेजारी तारापूरचं अणुविद्युत केंद्र 1969 पासून अणू फोडून वीज तयार करतं आहे. आमच्या ओट्यावर एकही अणू फुटत नाही, फक्त त्यांची जुनी जुळणी मोडून नवी होते. पण तेवढ्याने केवढा पालट! जे तेल हाताला लागलं की आपण साबण शोधतो, तेच तेल स्वतः साबण होतं.

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपटी तेलाकडे. अंगावरच्या तेलकट मळाला असंख्य शेपट्या टोचून बसतात, डोकी बाहेर पाण्यात राहतात. कदंबाचं फूल आठवा, मधे गोळा आणि चहूबाजूंनी बाहेर आलेले केसर. अशी लाखो अदृश्य कदंबाची फुलं मळ पोटात घेऊन पाण्याबरोबर वाहून जातात.

माणसाने साबण केला तो हे कळण्याच्या खूप आधी. तेव्हा खार मिळायचा राखेतून. आपल्याकडे चुलीच्या राखेने तुपकट भांडी निघायची, त्यामागेही राखेतला हाच खारट, निसरडा गुण होता. पण राखेतला खार बराचसा पोटॅशचा, त्याचा साबण मऊ, लिबलिबीत होतो. कडक वडीला सोडियम हवा आणि सोडियमचा अथांग साठा तर मिठात. 1791 मध्ये फ्रान्समध्ये निकोला लेब्लां यांनी मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि साबणाला लागणारा खार राखेच्या ढिगातून सुटला. तेलाच्या आत नक्की काय आहे, हे त्यांचेच देशबांधव मिशेल यूजीन शेव्हरल यांनी उलगडलं. त्यांचा ग्रंथ 1823 चा. ते स्वतः 102 वर्षं जगले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तेव्हा सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांतही तो निःशंकपणे आला.

त्या मे महिन्यानंतर मी जावेच्या हाताखाली साबण शिकले. तिचं माप असं: खोबरेल 500 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 73 ग्रॅम, पाणी 180 ग्रॅम. सगळं वजनकाट्यावर, वाटी-चमच्याने नाही. एवढं तेल पूर्ण साबण व्हायला साधारण 91 ग्रॅम सोडा लागतो. आपण मुद्दाम कमी घालतो, म्हणजे पाचवा हिस्सा तेल तसंच मागे राहतं. निव्वळ खोबरेलाचा साबण इतका साफ करतो की त्वचा ओढल्यासारखी होते. हे राखलेलं तेल ती मऊ ठेवतं.

यात धास्ती बाळगायची ती एकाच वस्तूची. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळा घालवू शकतो. म्हणून हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, उघडी खिडकी आणि मुलं घराबाहेर. भांडं स्टीलचं, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. नेहमी सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. गटार साफ करायची पावडर वापरायची नाही, तिच्यात इतर काहीबाही असतं.

सोडा पाण्यात पडतो तेव्हा विस्तव नसताना पाणी तापतं, हात लावता येणार नाही इतकं. ते निवू द्यायचं. थंडीत बाटलीत थिजलेलं खोबरेल असेल तर ते कोमट करून पातळ करायचं. दोन्ही कोमट झाली की तेलात द्रावण हळूहळू ओतून घोटत राहायचं. आधी तेल तेलच दिसतं. मग धूसर होतं, मग दाटतं, अगदी कढी दाटते तसं. डावातून धार सोडली आणि तिची रेघ वर क्षणभर तशीच राहिली की समजायचं, काम झालं.

याच वेळी जाऊ चमचाभर हळद घालते. पिवळी हळद पडल्या पडल्या लालबुंद होते! पांढऱ्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कारण एकच, खारात हळद रंग बदलते. पुढच्या दिवसांत वडीतला सोडा तेलाशी जुळून संपत जातो, तसा तो लाल रंग नारिंगीकडे वळतो. वडी आपल्या आत काय चाललंय ते आपल्याच रंगाने सांगत असते.

साच्यात ओतल्यावर खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो. त्याच दिवशी कापला नाही तर सुरी लावताच तुकडे उडतात. मग वड्या हवेशीर फळीवर चार आठवडे ठेवायच्या, म्हणजे जास्तीचं पाणी उडून त्या टणक आणि सौम्य होतात.

आता तो मचूळ पाण्याचा चमत्कार. बहुतेक साबणांत लांब शेपट्या बऱ्याच असतात, सोळा-अठरा कार्बनच्या. पाण्यात मीठ वाढलं की त्या पाण्यात राहीनाशा होतात. कारखान्यांत उकळत्या साबणात मीठ टाकून साबण वर आणतात, तो याच नियमाने. विहिरीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांना धरून कीट करतं, ते वेगळंच. खोबरेलातल्या जवळजवळ निम्म्या शेपट्या आहेत लॉरिक आम्लाच्या, अवघ्या बारा कार्बनच्या. आखूड शेपटी खाऱ्या पाण्यातही विरघळून राहते. कीट यातही थोडी धरते, पण फेस टिकतो. म्हणूनच समुद्रावरचे खलाशी खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यात वापरत आले.

किनाऱ्यावरचा माड खारट वाऱ्यात वाढतो आणि त्याचं तेल खारट पाण्यात फेसतं. योगायोगच असेल हा, पण मला तो फार सुंदर वाटतो.

दिवाळीची भेट म्हणून हा साबण करायचा तर जावेचा हिशेब पंचांगातला आहे. घट बसतात त्या दिवशी साबण घालायचा. आश्विन शुद्ध प्रतिपदेनंतर अठ्ठाविसाव्या तिथीला नरकचतुर्दशी, म्हणजे जवळजवळ चार आठवडे. देवघरात घटाखाली धान्य रुजत असतं, फळीवर वड्या सुकत असतात. तिच्या प्रत्येक पुडीवर काय काय घातलंय आणि कधी केलंय ते लिहिलेलं असतं. प्रत्येक खेपेची पहिली वडी ती स्वतः वापरून पाहते, मगच बाकीच्या वाटते.

यंदा मी माझी पहिली पुडी बोईसरला, बोअरवेलच्या जड पाण्यात कपडे आणि केस धुणाऱ्या बहिणीला दिली. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तिचा फोन आला. नमस्कार नाही, शुभेच्छा नाहीत, पहिलंच वाक्य, "अगं, फेस आला!"