पाणी मुरते कोठे?
(भाड्याच्या घरातील ओल आणि घरमालक व भाडेकरू यांचा वाद)

एखाद्या व्यवहाराविषयी संशय आला म्हणजे ‘येथे कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण म्हणतो. भाड्याच्या घरात हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो. पाणी भिंतीत मुरते आणि संशय मनात मुरतो. भाडेकरूस वाटते की, घर खाली करून घ्यावयाचे म्हणूनच मालक गच्चीकडे पाहत नाही. मालकास वाटते की, भाडेकरूनेच नहाणीत पाण्याची नासाडी करून भिंत कुजविली. दोघेही एकाच समाजाचे, किंबहुना एकाच गल्लीतले असले म्हणजे कटुता अधिकच वाढते.

लोधीपुऱ्यात काय किंवा बऱ्हाणपुरातील दुसऱ्या जुन्या वस्तीत काय, पावसाळा आला की हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करू. एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे. अशा वादात भाडेकरूची तक्रार न्याय्य असूनही त्याच्यावर घर गमावण्याची पाळी येऊ शकते, आणि ती येते ती बहुधा रागाच्या भरात भाडे बंद केल्यामुळे.

आधी पाण्याचा माग काढा

पाणी दिसते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. हे बऱ्हाणपूरकरांस कोणी शिकवावयास नको. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, येथे कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्यात झिरपलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून कुंडीमागून कुंडी ओलांडीत शहरापर्यंत येई. घरातील ओलही अशीच दूरवरून येते. तिचा उगम ठरल्यावाचून दोष कोणाचा हे ठरत नाही.

ओल पाऊस पडला की वाढते आणि उघडीप पडली की ओसरते, असे असेल तर गच्ची, कौले किंवा पन्हळ पाहावी. भर उन्हाळ्यातही डाग ओलाच राहत असेल तर नळाच्या दाबाखालच्या पाइपावर संशय घ्यावा. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीची पातळी खुणेने नोंदवावी व सकाळी पुन्हा पाहावी. डाग वरच्या बिऱ्हाडाच्या स्नानानंतरच वाढत असेल तर मोरी किंवा सांडपाण्याचा पाइप फुटला असावा. वरच्या मोरीत थोडा रंग मिसळलेले पाणी सोडले, आणि खाली तोच रंग उतरला, तर वादाला जागाच उरत नाही.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही हे खरे, पण जमिनीतील ओल मात्र भिंतीतून वर चढते. जोत्यापासून हात-दोन हात उंचीपर्यंत भिंतीस लोणा लागला, पांढरा खार फुटला व पोपडे सुटले, तर ती ही ओल समजावी. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा चढविला तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि ती आणखी वर चढते. तेव्हा ‘गिलावा करून दिला, आता काय तक्रार?’ हे मालकाचे उत्तर नेहमीच पुरे पडत नाही.

तातडीचे काम आधी

विजेच्या बटणाच्या किंवा तारेच्या जागी भिंत ओली झाली असेल तर दोष कोणाचा हे मागाहून पाहावे. प्रथम मेन स्विच बंद करावा व जाणत्या तारतंत्र्यास बोलवावे. छताची तुळई झुकली, गिलावा पोकळ वाजू लागला किंवा भेग रुंदावत चालली, तर त्या खोलीत मुलांना निजवू नये.

लेखी कळवा

तोंडी सांगणे आपल्यात सभ्यपणाचे मानले जाते, आणि पहिल्या वेळी ते योग्यच आहे. पण आठ-पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही तर पत्र लिहावे. ओल केव्हा प्रथम दिसली, कोठे दिसली, किती वाढली, कोणते सामान खराब झाले आणि कोणती दुरुस्ती हवी, एवढेच त्यात असावे. आरोप व टोमणे नसावेत. येथील कचेऱ्यांचा व न्यायालयांचा व्यवहार हिंदीत चालत असल्यामुळे पत्र हिंदीतच लिहिलेले बरे. ते पोच घेऊन हातोहात द्यावे किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. डागांची छायाचित्रे तारखेसह काढावी, आणि गवंड्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. मालक पाहावयास आला तर दार अडवू नये. योग्य वेळी घर पाहू देणे आणि दोष आढळल्यास मालकास कळविणे, ही भाडेकरूची कर्तव्येच आहेत.

कायदा काय म्हणतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात एक जुना नियम आहे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे, ती सूचना मिळूनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी व खर्च भाड्यातून कापावा. परंतु मालक बांधलेला आहे की नाही, हा प्रश्न त्यात मोकळाच राहिला होता.

आपल्या राज्यात मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ याने त्याचे उत्तर दिले. त्याच्या ३७ व्या कलमाने घर राहण्याजोगे, नीट दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. लेखी सूचनेनंतरही मालक स्वस्थ बसला तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या हिश्शापर्यंतच. दुरुस्तीवाचून घरात राहणेच कठीण झाले असेल तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे खर्चाच्या अंदाजासह अर्ज करता येतो. तो मालकाचे म्हणणे ऐकून परवानगी देतो, आणि मग वर्षाच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम कापता येते. समजा, भाडे दरमहा १,५०० रुपये आहे. वर्षाचे १८,००० झाले. तर परवानगीवाचून १,५०० आणि परवानगीने ९,००० रुपयांपर्यंत, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

त्याच कायद्याचे ३८ वे कलम असे की, पुरेशा कारणावाचून मालकाने पाणी, वीज किंवा संडासाची सोय तोडू नये.

भाडे बंद करू नका

कापणे वेगळे आणि बंद करणे वेगळे. भाड्याची थकबाकी मागणारी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत ती न भरली तर १२ व्या कलमान्वये घर खाली करून मागण्याचे कारण मालकाच्या हाती येते. मग न्यायालयात प्रश्न ओलीचा राहत नाही, थकबाकीचा होतो. मालक भाडे घेत नसेल तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याची सोय त्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करावा व पावती जपावी.

‘दुरुस्तीपुरते घर सोडा, पुन्हा तुम्हांलाच देतो’ या तोंडी आश्वासनावरही सामान हलवू नये. घर खाली केल्याखेरीज दुरुस्ती होणार नाही म्हणून दावा झाला, तर १८ व्या कलमाप्रमाणे पुन्हा त्याच घरात येण्याची इच्छा भाडेकरूस न्यायालयापुढे नोंदविता येते. आपसांत ठरले तरी ते लेखीच असावे.

सामानाच्या नुकसानीचे काय?

धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके भिजली म्हणून मालक आपोआप देणेकरी होत नाही. त्याला दोष कळविला होता आणि तरीही त्याने हयगय केली, हे दाखवावे लागते. वरच्या बिऱ्हाडकरूने तोटी उघडी टाकली असेल तर जबाब त्याने द्यावयाचा. आपल्याच मोरीची जाळी तुंबली असेल तर कोणाकडे बोट दाखविता येत नाही.

रक्कम लहान असेल तर दाव्यापेक्षा लोक अदालत बरी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली दावा दाखल होण्यापूर्वीही तेथे तडजोड होऊ शकते, आणि झालेल्या तडजोडीस न्यायालयाच्या हुकुमाइतकाच मान असतो. त्याच कायद्याने स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. आपल्या समाजातील एकट्या राहणाऱ्या वृद्ध भगिनींना हे आवर्जून सांगावे.

न्यास घरमालक असेल तर

शेवटची गोष्ट विश्वस्तांसाठी. १९६१ च्या कायद्याच्या ३ ऱ्या कलमाने धार्मिक, शैक्षणिक व धर्मादाय संस्थांच्या घरांना अधिसूचनेने सूट देण्याचा अधिकार सरकारास आहे. ज्या न्यासास अशी सूट मिळाली, त्याच्या भाडेकरूस वरीलपैकी पुष्कळ आधार उरत नाही. म्हणून अशा भाडेकरूने पाऊल उचलण्यापूर्वी वकिलास विचारावे. आणि विश्वस्तांनीही स्वतःस विचारावे की, कायद्याचा धाक नाही म्हणून गळती थांबविणे आपले काम नाही काय?

उत्तर उघड आहे. दरवर्षी वैशाखात न्यासाच्या प्रत्येक घराची गच्ची, कौले व पन्हळी पाहाव्यात, तक्रारींची एक वही ठेवावी, आणि भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा वाटा आधी काढून मग इतर खर्च करावा. उन्हाळ्यात बुजविलेली भेग थोड्या चुन्यात भागते. आषाढात तीच भेग भिंत मागते, आणि कधी कधी दोन घरांतील बोलणेही.